सार्वजनिक उपक्रमांचे व्यापारीकरण (भारत)

सार्वजनिक उपक्रमांचे व्यापारीकरण म्हणजे शासनाच्या मालकीचे कारखाने, सेवा व महामंडळे शासनाच्याच मालकीत ठेवून त्यांचा कारभार व्यापारी तत्त्वांवर चालविणे. अशा उपक्रमाने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवावा, भांडवलावर परतावा द्यावा, दर ठरविताना उत्पादनखर्चाचा विचार करावा आणि दैनंदिन निर्णय मंत्रालयाकडून नव्हे तर संचालक मंडळाकडून घेतले जावेत, अशी यात अपेक्षा असते. भारतात १९८० च्या दशकापासून या धोरणाला गती आली. १९९१ नंतर ते निर्गुंतवणुकीच्या जोडीने राबविले गेले. शासनाने विकासकार्यात किती व कोणत्या रूपाने भाग घ्यावा, या जुन्या वादाशी हा विषय जोडलेला आहे.

संज्ञा

व्यापारीकरण, निगमीकरण, निर्गुंतवणूक आणि खाजगीकरण हे शब्द वर्तमानपत्रांत व विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही अनेकदा एकाच अर्थाने वापरलेले आढळतात. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. शासकीय खात्याचे कंपनीत रूपांतर करणे म्हणजे निगमीकरण. शासनाने आपल्या भागांपैकी काही भाग विकणे म्हणजे निर्गुंतवणूक. त्यानंतरही शासनाकडे ५१ टक्के वा अधिक भाग राहिले तर कंपनी शासकीयच राहते. मालकी व नियंत्रण दोन्ही खाजगी हाती गेले, तरच त्यास खाजगीकरण म्हणता येते. व्यापारीकरणात मालक बदलत नाही, मालकाची वागणूक बदलावी असे अभिप्रेत असते. प्रत्यक्षात हीच गोष्ट सर्वांत अवघड ठरली.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर मूलभूत उद्योग शासनाने उभारावेत, याविषयी देशात बरेच एकमत होते. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृती उद्योगपतींनी प्रसिद्ध केलेल्या ‘मुंबई योजने’तही शासनाच्या व्यापक सहभागाला मान्यता होती. पोलाद, वीज, अवजड यंत्रे यांना लागणारे भांडवल खाजगी उद्योगांकडे नव्हते आणि परतावा मिळण्यास लागणारा दीर्घ काळ थांबण्याची त्यांची तयारीही नव्हती. १९४८ व १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावांनी ही भूमिका अधिकृत केली. १९५६ च्या ठरावाच्या पहिल्या अनुसूचीत १७ उद्योग होते. त्यांच्या भावी विकासाची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेतली.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी केंद्र शासनाचे ५ उपक्रम होते व त्यांतील गुंतवणूक २९ कोटी रुपये होती. १९९० पर्यंत उपक्रमांची संख्या २४० च्या पुढे गेली. या वाढीत भिलाई, राउरकेला व दुर्गापूर येथील पोलाद कारखाने जसे होते, तसे पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला, पेनिसिलिन बनविणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखानाही होता. त्याच काळात बंद पडलेल्या खाजगी गिरण्याही शासनाने ताब्यात घेतल्या. कामगारांचे रोजगार वाचविणे हा तेथील हेतू होता. नफा ही अशा उपक्रमांची कसोटी कधीच नव्हती, परंतु पुढे त्यांचे मोजमाप मात्र त्याच कसोटीवर झाले.

स्वायत्ततेचा प्रश्न

उपक्रम कंपनीच्या रूपात असला, तरी मंत्री व सचिव त्यात हस्तक्षेप करू शकतात, हे फार लवकर दिसून आले. १९५६ मध्ये विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. ही खरेदी महामंडळाच्या गुंतवणूक समितीला डावलून झाल्याचे फिरोज गांधी यांनी लोकसभेत उघड केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची एकसदस्य चौकशी नेमली गेली. मुंबईत खुली सुनावणी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विमाधारकांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेला मंत्रालयाचा शब्द मोडणे शक्य नव्हते, हे या प्रकरणाचे मर्म होय.

यावर उपाय म्हणून दोन परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी अवलंबिले गेले. एकीकडे स्वायत्ततेच्या शिफारशी होत राहिल्या. दुसरीकडे देखरेख वाढत गेली. १९६४ मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली, १९६५ मध्ये सार्वजनिक उपक्रम कार्यालय निघाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे लेखापरीक्षण होतेच. एखाद्या व्यवस्थापकाने धाडसी निर्णय घेतला व तो चुकला, तर त्याची चौकशी होई. निर्णयच घेतला नाही, तर कोणी विचारीत नसे. शासकीय कंपन्यांच्या संथपणाला केवळ आळस हे कारण नव्हते, ही बाब टीकाकार सहसा लक्षात घेत नाहीत.

हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी याच दुखण्याची दुसरी बाजू मांडली. तोटा झाला तरी शासन तो भरून काढणारच, अशी खात्री असल्यास खर्चाला आवर बसत नाही. या स्थितीला त्यांनी अर्थसंकल्पी बंधनाचे सैलपण म्हटले. व्यापारीकरणाचा सारा खटाटोप हे बंधन घट्ट करण्यासाठी असतो.

सामंजस्य करार व नवरत्न दर्जा

फ्रान्समध्ये सिमॉन नोरा यांच्या १९६७ च्या अहवालानंतर शासन व सार्वजनिक कंपन्या यांच्यात लेखी करार करण्याची पद्धत रूढ झाली. भारतात अर्जुन सेनगुप्ता समितीने १९८४ मध्ये तशीच शिफारस केली आणि त्या दशकाच्या अखेरीस सामंजस्य करारांची पद्धत सुरू झाली. कंपनीने वर्षभरात गाठावयाची उद्दिष्टे आणि शासनाने द्यावयाचे साहाय्य दोन्ही करारात नमूद होत व वर्षअखेर गुण दिले जात. व्यवहारात कंपनीची बाजू तपासली जाई. शासनाने आपला शब्द पाळला किंवा नाही, याचे गुण कोणी देत नसे.

१९९७ मध्ये निवडक कंपन्यांना ‘नवरत्न’ दर्जा देण्यात आला. अशी कंपनी शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय एका प्रकल्पात १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ मूल्याच्या १५ टक्के यांपैकी कमी असलेल्या रकमेपर्यंत गुंतवणूक करू शकते. २०१० पासून ‘महारत्न’ कंपन्यांसाठी ही मर्यादा ५,००० कोटी आहे. पहिल्या नवरत्नांपैकी विदेश संचार निगम व इंडियन पेट्रोकेमिकल्स या दोन कंपन्यांचे नियंत्रण २००२ मध्ये खाजगी उद्योगसमूहांकडे गेले. उत्तम चालणाऱ्या कंपनीला स्वायत्तता द्यावी की ती विकून टाकावी, याविषयी धोरण निश्चित नव्हते, हे त्यावरून दिसते.

वीज : महाराष्ट्रातील अनुभव

व्यापारीकरणातील अडचणी सर्वाधिक स्पष्टपणे दिसतात त्या वीजक्षेत्रात. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार राज्यांत वीज मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये अस्तित्वात आले. गावोगाव वीज पोहोचविणे हे त्याचे मुख्य कार्य होते व ते त्याने मोठ्या प्रमाणावर केले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन मंडळांनी किमान ३ टक्के परतावा मिळवावा, असे बंधन आले. मात्र शेतीपंपांचे दर राजकीय निर्णयाने ठरत. तूट भरून काढण्यासाठी उद्योग व व्यापारी ग्राहकांवर अधिक दर लावले जात आणि उरलेली तूट शासकीय अनुदानाने कागदोपत्री भरली जाई.

यात आणखी एक गुंता होता. बहुसंख्य शेतीपंपांना मीटर नव्हते. पंपाच्या अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी होत असे. त्यामुळे शेतीने नेमकी किती वीज वापरली, हे अंदाजाने ठरे. हा अंदाज जितका मोठा, तितकी गळती व चोरी लहान दिसे. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाल्यावर मंडळाला जाहीर सुनावणीत आपले हिशेब मांडावे लागले. पुण्यातील ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांनी व ग्राहक प्रतिनिधींनी या आकड्यांना आव्हान दिले आणि वीजगळती मंडळ सांगत होते त्याहून बरीच अधिक असल्याचे उघड झाले. सुधारणेचा हा भाग फारसा गाजला नाही, पण त्याचे मोल मोठे आहे. शेतकऱ्याच्या नावावर मांडलेल्या विजेपैकी काही वीज त्याच्या शेतात कधी पोहोचलीच नव्हती.

दरम्यान एन्रॉन समूहाच्या दाभोळ वीज कंपनीशी १९९३ मध्ये झालेला खरेदी करार मंडळाला पेलवेना. महाग वीज घेण्याचे बंधन मंडळावर, पण ती त्या दराने विकण्याची मुभा मात्र नाही, अशी ही कोंडी होती. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली व प्रकल्प बंद पडला. पुढे एनटीपीसी व गेल या दोन सार्वजनिक कंपन्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने तो ताब्यात घेतला.

केंद्राच्या २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. कायद्याच्या कलम ६५ मध्ये एक मोलाची तरतूद आहे : एखाद्या वर्गाला सवलतीत वीज द्यावी असे राज्य शासनास वाटत असेल, तर त्या सवलतीची रक्कम शासनाने वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. सामाजिक कार्य करावे, पण त्याचा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकात दिसावा, कंपनीच्या तोट्यात दडून राहू नये, असा तिचा आशय आहे. शेतीसाठी मोफत वीज २००४ मध्ये जाहीर होऊन पुढच्या वर्षी मागे घेतली गेली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज देण्यात येऊ लागली. या वेळी शासनाने कंपनीला भरपाई देण्याची पद्धत स्वीकारली आहे.

व्यापारी तत्त्वाचा सामान्य माणसाला सर्वाधिक जाणवलेला परिणाम म्हणजे भारनियमनाची वाटणी. विजेचा तुटवडा असताना वाहिन्यांचे गट त्यांवरील गळती व बिलवसुलीनुसार पाडण्यात आले. वसुली चांगली तेथे भारनियमन कमी, वसुली वाईट तेथे अधिक. कंपनीच्या दृष्टीने ही पद्धत योग्य होती. मात्र नियमित बिल भरणारा ग्राहक थकबाकीदार वाहिनीवर असला, तर त्यालाही अंधारात बसावे लागे. वर्ग वाहिनीचा ठरे, माणसाचा नाही. याच काळात पुणे शहरात जादा आकार भरून भारनियमनातून मुक्त होण्याची योजना राबविली गेली. जेथे पैसे देण्याची क्षमता होती तेथे वीज आली आणि परीक्षेच्या दिवसांत खेड्यातील विद्यार्थी कंदिलाशी बसून राहिला, अशी टीका त्यावर झाली. दुसरीकडे, भिवंडीत २००७ मध्ये वितरणाचे काम फ्रँचायझी पद्धतीने खाजगी कंपनीकडे सोपविल्यावर तेथील मोठी गळती बरीच घटली. तारा, खांब व रोहित्रे महावितरणच्या मालकीची आणि कारभार व वसुली कंत्राटदाराची, असा हा मधला मार्ग आहे. इतर शहरांत त्याला तेवढे यश आले नाही. काही ठिकाणी महावितरणला कारभार परत घ्यावा लागला.

दूरसंचार

टेलिफोन ही दीर्घकाळ शासकीय खात्याची सेवा होती. १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम ही कंपनी निघाली. १ ऑक्टोबर २००० रोजी उर्वरित देशातील सेवा भारत संचार निगमकडे आली. तीन लाखांहून अधिक कर्मचारी खात्यातून कंपनीत आले. ग्रामीण टेलिफोन तोट्यात चालवावे लागत, म्हणून २००३ पासून काही वर्षे या कंपनीला इतर कंपन्यांकडून भरपाई मिळे; ती २००८ मध्ये बंद झाली. २००२ मध्ये ग्रामीण सेवेसाठी सार्वत्रिक सेवा निधीही स्थापन झाला होता.

स्पर्धेच्या बाजारात कंपनीला हवे होते ते जलद निर्णय. तिची सुमारे साडेचार कोटी मोबाइल जोडण्यांच्या सामग्रीची निविदा वादात सापडून २००७ मध्ये मंत्रालयाच्या आदेशाने निम्म्यावर आली. त्यानंतरची आणखी मोठी निविदा २०१० मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी थ्रीजी लहरींच्या लिलावात न उतरताही लिलावात ठरलेल्या किमतीने कंपनीला दहा हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम शासनाला द्यावी लागली. खाजगी कंपन्या फोरजी सेवा देत असताना तिला त्या लहरीच मिळाल्या नव्हत्या. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत त्या देण्याचे ठरले आणि महानगर टेलिफोनसह दोन्ही कंपन्यांतील मिळून ९० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. या कंपनीचा दाखला देऊन शासनाला व्यापार जमत नाही, असे म्हटले जाते. येथे शासनाने व्यापाराची जबाबदारी कंपनीवर टाकली व अधिकार स्वतःकडे ठेवले, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

निर्गुंतवणूक व न्यायालये

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने शासनासाठी राखीव उद्योगांची संख्या १७ वरून ८ वर आणली. १९९१-९२ मध्ये अनेक कंपन्यांचे भाग एकत्र जुड्यांमध्ये बांधून विकले गेले व सुमारे ३,०३८ कोटी रुपये मिळाले. चांगल्या कंपन्यांचे भाग इतरांसोबत गेल्याने त्यांना योग्य किंमत मिळाली नाही, असा आक्षेप महालेखापरीक्षकांनी घेतला. निर्गुंतवणुकीतून आलेली रक्कम बव्हंशी वित्तीय तूट भरून काढण्यासाठी वापरली जाते, ही टीका तेव्हापासून कायम आहे. २०१८ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने हिंदुस्थान पेट्रोलियममधील शासनाचे ५१.११ टक्के भाग ३६,९१५ कोटींना घेतले, तेव्हा तर पैसा शासनाच्याच एका खिशातून दुसऱ्यात गेला.

बाल्को या ॲल्युमिनियम कंपनीच्या २००१ मधील विक्रीविरुद्ध कामगारांनी ६७ दिवसांचा संप केला. निर्गुंतवणूक हा धोरणात्मक निर्णय असून त्यात न्यायालय पडणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी दिला. २००३ मध्ये मात्र हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्या बाबतीत न्यायालयाने शासनाला रोखले. कायदा करून राष्ट्रीयीकरण झालेल्या कंपन्यांचे नियंत्रण संसदेने कायदा बदलल्याविना सोडता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. शासकीय कंपनी संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’ या संज्ञेत येते. त्यामुळे तिच्या कर्मचाऱ्यांना मूलभूत हक्कांचे संरक्षण व अनुसूचित जाती-जमातींना नोकऱ्यांत आरक्षण मिळते. मालकी बदलली की हे दोन्ही संपते. केवळ व्यापारीकरण झाले तर ते टिकते, आणि कामगार संघटनांचा या दोन मार्गांतील कल त्यावरून समजतो.

इतर देश

न्यूझीलंडने १९८६ च्या कायद्याने वने, कोळसा, वीज, टपाल आदी खात्यांच्या कंपन्या बनविल्या. तेथेही बिगरव्यापारी सेवा हवी असल्यास शासनाने करार करून तिचे पैसे द्यावेत, अशी तरतूद आहे. नव्या टपाल कंपनीने १९८८ च्या फेब्रुवारीत एका दिवसात ४३२ टपाल कार्यालये बंद केली, आणि लहान गावांत त्याची आठवण अद्याप काढली जाते. दक्षिण कोरियातील पोस्को ही पोलाद कंपनी १९६८ मध्ये शासनाने स्थापन केली, तेव्हा विदेशी सल्लागारांना तो प्रकल्प व्यवहार्य वाटला नव्हता. ती जगातील कार्यक्षम पोलाद कंपन्यांपैकी एक झाली व २००० मध्ये पूर्णतः खाजगी झाली. सिंगापूरने १९७४ पासून शासकीय कंपन्यांचे भाग टेमासेक या गुंतवणूक कंपनीकडे ठेवून मंत्र्यांना दैनंदिन कारभारापासून दूर ठेवले.

कोकण रेल्वे

रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटर मार्गासाठी १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून हा मार्ग होण्यास कित्येक दशके लागली असती. मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांच्या पाठपुराव्याने स्वतंत्र कंपनीचा पर्याय पुढे आला. तिच्यात रेल्वेचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. बराचसा पैसा रोख्यांतून उभारला गेला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले व २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्णपणे खुला झाला.

कर्जाचा बोजा भागविण्यासाठी कंपनीला प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून भाडे आकारण्याची मुभा मिळाली. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी भरलेले ट्रक रेल्वेवरून नेणारी ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. कंपनी असल्यामुळे मार्ग लवकर झाला. परंतु कंपनी असल्यामुळेच पुढील दुपदरीकरण व स्थानकांच्या सुधारणेसाठी रेल्वेच्या अंदाजपत्रकातून थेट निधी मिळेना आणि स्वतःच्या उत्पन्नातून एवढे भांडवल उभे राहीना. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी यातून पुढे आली. गोवा, कर्नाटक व केरळ यांच्या पाठोपाठ महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवावे या अटीसह, विलीनीकरणास संमती दिली.